श्रुति-हार्मोनियम : एका प्रयोगाची घडण आणि त्याचे स्वागत

कृष्णाकाठची सांगली व मिरज ही पटवर्धनांची संस्थाने ब्रिटिश अमदानीत सातारा जिल्ह्याला लागून होती. मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांसारख्या गायकांचे वास्तव्य असल्याने या प्रदेशात संगीताला अनुकूल वातावरण निर्माण झाले होते. श्रुति-हार्मोनियमचा प्रयोग याच भूमीत उगम पावला.

प्रयोगाचे मूळ एका व्यावहारिक अडचणीत होते. विलायती पेटीत सप्तकाचे बारा समान भाग केलेले असतात. षड्जाची कंपनसंख्या २४० धरल्यास तंबोऱ्यातून उमटणारा गांधार ३०० येतो. पेटीचा मात्र सुमारे ३०२.४ भरतो. हे अंतर अल्प असले, तरी तयार कानाला ते खटकते. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी अब्दुल करीम खाँ यांच्या गायनाच्या साहाय्याने स्वरांची मापे घेतली आणि १९१० साली बावीस श्रुतींवरील इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. आय.सी.एस. अधिकारी अर्नेस्ट क्लेमेंट्स यांनी १९१३ च्या आपल्या ग्रंथात हाच विचार पुढे नेला. त्यानुसार लंडनच्या मूर अँड मूर या कारखान्यात वाद्य तयार झाले.

१९१६ साली बडोदे येथे भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत या वाद्यावर कडाक्याचा वाद झाला. प्राचीन ग्रंथांतील स्वरव्यवस्था प्रचलित रागांना लागू पडत नाही, अशी पं. भातखंडे यांची भूमिका होती. भरताने श्रुतींची गणिती माने दिलेली नाहीत, हेही विसरता येत नाही. परिषदेत देवल-क्लेमेंट्स यांच्या मतास मान्यता मिळाली नाही, आणि पुढे वाद्याचाही प्रसार झाला नाही.

तथापि हे अपयश केवळ पक्षभेदाचे फळ मानणे युक्त नव्हे. जैराजभॉय व स्टोन यांनी १९६३ साली प्रसिद्ध केलेल्या मापनांत एकाच कलावंताचा एकच स्वरही स्थिर राहत नसल्याचे आढळले. मींड व आंदोलन यांत सरकणारा स्वर कोणत्याही पट्टीत, मग त्या बारा असोत वा बावीस, बद्ध होणे कठीण होय. देवलांचे उत्तर अपुरे ठरले; पण ग्रंथवचनाची परीक्षा गात्या गळ्यावर करावी, ही त्यांची पद्धती टिकली. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर घातलेल्या बंदीमागेही त्यांनीच हाताळलेला प्रश्न उभा होता.