मोबाइल ॲपची स्वयंचलित चाचणी : ‘लांडगा आला रे’ टाळायचे कसे?

विजेचे बिल भरणे, रेल्वेचे तिकीट काढणे, भाजीवाल्याला पैसे देणे ही कामे मोबाइलवरून उरकणे आता शहरी कुटुंबांच्या अंगवळणी पडले आहे. या ॲपमध्ये वरचेवर बदल होत असतात आणि प्रत्येक नवी आवृत्ती ग्राहकाच्या हाती पडण्यापूर्वी तपासावी लागते. ही सगळी तपासणी दरवेळी माणसांकरवी करून घेणे अशक्यप्राय असल्याने ती स्वयंचलित चाचण्यांवर सोपविली जाते. येथे एक आज्ञावली दुसऱ्या आज्ञावलीची परीक्षा घेते. ती पडद्यावरील बटणे दाबते, रकाने भरते आणि अपेक्षित मजकूर दिसला की नाही, याची नोंद करते. पण हा परीक्षकच बेभरवशाचा निघाला तर?

काल उत्तीर्ण, आज अनुत्तीर्ण

ॲपमध्ये एका अक्षराचाही बदल झालेला नसताना जी चाचणी कधी उत्तीर्ण होते तर कधी अनुत्तीर्ण, तिला या व्यवसायात ‘फ्लेकी टेस्ट’ म्हणतात. हा उपद्रव मोठ्या कंपन्यांनाही चुकलेला नाही. आपल्या सुमारे १६ टक्के चाचण्यांत कमी-अधिक प्रमाणात असा लहरीपणा आढळतो, असे ‘गुगल’ने २०१६ मध्ये जाहीर केले होते. उत्तीर्ण होणारी चाचणी एकाएकी अनुत्तीर्ण झाल्याच्या घटनांपैकी ८४ टक्के घटनांत अशाच लहरी चाचण्यांचा संबंध होता, असेही त्या वेळी सांगण्यात आले.

साधे गणित पाहू. एका ॲपसाठी २०० चाचण्या आहेत आणि त्यातील प्रत्येक चाचणी ९९.५ टक्के वेळा बिनचूक चालते, असे समजू. ऐकायला हे उत्तम वाटते. प्रत्यक्षात या दोनशेही चाचण्या एकाच फेरीत उत्तीर्ण होण्याची शक्यता जेमतेम ३७ टक्के भरते. म्हणजे ॲप निर्दोष असले तरी तीनपैकी सुमारे दोन फेऱ्यांत धोक्याची घंटा वाजणार! पुढे काय होते, हे लांडग्याच्या गोष्टीवरून सर्वांना ठाऊक आहे. घंटा वाजली तरी मान वर करून कोणी पाहत नाही आणि खरा दोष त्याच गोंगाटातून सुखरूप निसटतो.

दूध तापविण्याची रीत

चाचणीच्या लहरीपणाचे सर्वांत मोठे कारण म्हणजे वेळेचा चुकलेला अंदाज. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये ‘अपाची’च्या मुक्त प्रकल्पांतील अशा चाचण्यांच्या दुरुस्त्या अभ्यासल्या. हे प्रकल्प मोबाइलचे नव्हते. तरीही त्यांतून निघालेला निष्कर्ष येथे मार्गदर्शक ठरतो : कारणांची वर्गवारी करता आलेल्या दुरुस्त्यांपैकी सुमारे ४५ टक्के दुरुस्त्या, एखादे काम पूर्ण होण्याची नीट वाट न पाहिल्यामुळे कराव्या लागल्या होत्या.

नवखा परीक्षक चाचणीत ‘पाच सेकंद थांब’ अशी सूचना लिहितो. दूध गॅसवर ठेवून घड्याळाकडे पाहत बसण्यासारखाच हा प्रकार. आच मंद असेल तर दूध तापत नाही, मोठी असेल तर उतू जाते. शहाणी गृहिणी घड्याळाकडे नव्हे, दुधाकडे पाहते. त्याचप्रमाणे ‘पावतीचा पडदा दिसेपर्यंत थांब, मात्र तीस सेकंदांत न दिसल्यास चाचणी अनुत्तीर्ण ठरव’ अशी अट घालणे योग्य. पडदा लवकर आला तर वेळ वाचतो आणि उशिरा आला तरी खोटा गजर होत नाही.

साधनेही यासाठी मदत करतात. अँड्रॉइडसाठी ‘गुगल’ने २०१३ मध्ये आणलेले ‘एस्प्रेसो’ पडद्याची हालचाल शांत होईपर्यंत आपण होऊन थांबते. मात्र ॲपने पडद्यामागे सुरू केलेली, सर्व्हरकडून माहिती मागविण्यासारखी कामे त्याला आपोआप कळतातच असे नाही. त्यांची वर्दी देण्याची सोय ‘आयडलिंग रिसोर्स’द्वारे करावी लागते. शिवाय चाचणीच्या फोनमध्ये खिडक्या उघडण्याचे, पडदे सरकण्याचे आणि चित्रे हलण्याचे असे तिन्ही प्रकारचे ॲनिमेशन ‘डेव्हलपर ऑप्शन्स’मधून बंद ठेवणे हिताचे ठरते.

पत्ता नेमका हवा

दुसरे कारण म्हणजे बटणाची ओळख. ‘वरून तिसऱ्या चौकटीतील दुसरे बटण’ असा पत्ता चाचणीला दिला, तर वर एक जाहिरात येताच तो चुकतो. बटणावरील मजकुरावर विसंबणेही धोक्याचेच, आणि मराठी वापरकर्त्यांच्या बाबतीत हा धोका अधिक जाणवतो. फोनची भाषा मराठी केल्यावर भाषेनुसार अंक छापणारे ॲप रक्कम ‘१५०’ अशी देवनागरीत दाखवू शकते. इंग्रजी अंकांतील दीडशे शोधणारी चाचणी मग समोर असलेली रक्कमही ‘सापडली नाही’ म्हणून मोकळी होते.

प्रत्येक महत्त्वाच्या घटकाला कायमस्वरूपी अंतर्गत ओळख देणे हा यावरचा उपाय. आयफोनवर त्यासाठी ‘ॲक्सेसिबिलिटी आयडेंटिफायर’ची सोय आहे. अँड्रॉइडवर मात्र एक पथ्य पाळावे लागते. तेथील ‘कंटेंट डिस्क्रिप्शन’ हा मजकूर ‘टॉकबॅक’ ही सुविधा दृष्टिहीन वापरकर्त्यांना वाचून दाखविते. चाचणीच्या सोयीसाठी तेथे सांकेतिक अक्षरे भरली, तर तीच त्यांच्या कानी पडतात. त्यामुळे अंतर्गत ओळख ‘रिसोर्स आयडी’तच ठेवावी.

सोवळ्यातल्या चाचण्या

एका चाचणीचे उष्टे दुसरीला चालत नाही. पहिल्या चाचणीने लॉग-इन केलेले खाते दुसरीने वापरले, तर क्रम बदलताच दुसरी कोलमडते. म्हणून प्रत्येक चाचणीने कोऱ्या पाटीने सुरुवात करावी. अँड्रॉइडवरील ‘टेस्ट ऑर्केस्ट्रेटर’ प्रत्येक चाचणी स्वतंत्रपणे चालवितो आणि तशी सूचना दिल्यास दोन चाचण्यांमध्ये ॲपचा साठविलेला तपशीलही पुसतो. पडद्याची वागणूक तपासायची असेल, तर खऱ्या सर्व्हरऐवजी ठरावीक उत्तरे देणारा नकली सर्व्हर जोडणे श्रेयस्कर. खऱ्या सर्व्हरसह घ्यावयाच्या चाचण्या मोजक्या आणि वेगळ्या ठेवाव्यात.

घड्याळाचा घोळही ध्यानात घेण्याजोगा आहे. भारतीय प्रमाणवेळ जागतिक प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. फोन भारतीय वेळेवर आणि सर्व्हर जागतिक वेळेवर असेल, तर मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत दोघांच्या तारखा वेगळ्या असतात. रात्रपाळीत चालणाऱ्या चाचण्या नेमक्या याच वेळेत अडखळतात आणि सकाळी कार्यालयात कोणी ती पुन्हा चालविली की निमूटपणे उत्तीर्ण होतात!

जागेवरच पंचनामा

एवढी काळजी घेऊनही चाचणी अनुत्तीर्ण होतेच. अशा वेळी ‘बटण सापडले नाही’ एवढाच शेरा हाती आला, तर अभियंत्याचा अर्धा दिवस अंदाज बांधण्यात जातो. अपघातस्थळी वाहने हलविण्यापूर्वी पंचनामा करतात, तसाच येथेही व्हायला हवा. त्या क्षणाचे पडद्याचे छायाचित्र, शक्यतो चित्रफीत, पडद्यावरील घटकांची उतरंड, फोनची नोंदवही म्हणजे अँड्रॉइडवरील ‘लॉगकॅट’, फोनचे मॉडेल, कार्यप्रणाली व ॲपची आवृत्ती हे सारे आपोआप जतन व्हावे. सर्व्हरला केलेल्या प्रत्येक विनंतीला क्रमांक दिला, तर फोनवरील आणि सर्व्हरवरील नोंदी शेजारी ठेवून पाहता येतात. चाचणीचा शेराही बोलका हवा. ‘पैसे दिल्यानंतर तीस सेकंदांत पावती दिसली नाही; पडद्यावर “नेटवर्क नाही” असा संदेश होता’ एवढे लिहिलेले असेल, तर निम्मे काम तेथेच होते.

पुन्हा चालवा, पण विसरू नका

अनुत्तीर्ण चाचणी पुन्हा चालविण्याचा मोह सर्वांनाच होतो. ‘ॲपल’ने २०२१ मधील ‘एक्सकोड १३’मध्ये चाचणी अनेकदा चालविण्याची सोय दिली, ती प्रामुख्याने दोषाचा माग काढण्यासाठी. चाचणी अनुत्तीर्ण होईपर्यंत चालवीत राहावी आणि त्या क्षणीचा पुरावा पकडावा, हा तिचा उत्तम उपयोग. दुसऱ्या खेपेला उत्तीर्ण झाली म्हणून पहिली नोंद पुसून टाकणे हा मात्र दुरुपयोग होय. लहरी चाचण्या वेगळ्या काढून ठेवाव्यात, पण त्यांच्या संख्येवर मर्यादा घालावी, असा सल्ला संगणकतज्ज्ञ मार्टिन फाउलर यांनी २०११ मध्ये दिला होता. अन्यथा हा विलगीकरण कक्षच अडगळीची खोली बनतो.

या सल्ल्याचे मोल एका काल्पनिक उदाहरणावरून कळेल. पैसे पाठविण्याच्या ॲपची एक चाचणी वीस खेपांत एकदा अनुत्तीर्ण होते. ‘लहरी आहे’ म्हणून ती पुन्हा चालविली जाते, उत्तीर्ण होते आणि ॲप बाजारात जाते. प्रत्यक्षात दोष चाचणीत नसतोच. सर्व्हरचे उत्तर येण्यास उशीर झाला, तर ‘पैसे पाठवा’ हे बटण दुसऱ्यांदाही दाबले जात असते. वीसातली ती एक खेप म्हणजे कोणाच्या तरी खात्यातून दोनदा वळती झालेली घरभाड्याची रक्कम! इलिनॉयच्या अभ्यासातही सुमारे २४ टक्के दुरुस्त्या चाचणीबरोबरच मूळ आज्ञावलीतही कराव्या लागल्या होत्या आणि त्यांतील बहुतेकांनी तेथील खराखुरा दोष दूर केला होता.

गोष्टीतील गावकऱ्यांना लांडगा दिसला, तो उशीर झाल्यावर. चाचणी अनुत्तीर्ण झाल्यावर ‘पुन्हा चालवा’ म्हणण्यापूर्वी ‘का झाली?’ असे विचारले आणि त्याचे उत्तर देणारा पुरावा हाताशी असला, तर ही वेळ निश्चितच टाळता येईल.