सिद्धगडचा वकील

थोर पुरुषांचीं चरित्रें लिहितांना आपल्या इकडील लेखकांची दृष्टि बहुधा राजधान्यांकडे, परिषदांकडे आणि गाजलेल्या खटल्यांकडे वळते. त्यांत गैर असें कांहीं नाहीं. परंतु एखाद्या पुरुषाविषयीं सामान्य माणसाला आदर कां वाटतो हें जाणावयाचें असेल, तर ज्या मातींत त्यानें काम केलें तिचा विचार आधीं केला पाहिजे. भाई कोतवाल यांचें नांव महाराष्ट्रांत अपरिचित नाहीं. पण त्यांच्या कर्तृत्वाचा खरा अर्थ ठाणें जिल्ह्याच्या पूर्वेकडील डोंगरपट्टींत उभें राहिल्यावांचून कळत नाहीं असें आम्हांस वाटतें.

शहापूर तालुक्यांत भातसा नदीच्या कांठीं सापगांव हें गांव आहे. तेथून मुरबाडच्या बाजूस निघालें म्हणजे भातखाचरें आणि वरकस माळ ओलांडीत आपण सह्याद्रीच्या भिंतीकडे येऊं लागतों, आणि ह्याच भिंतीला लागून सिद्धगड उभा आहे. ह्या मुलुखाचें मुंबईशीं असलेलें नातें मोठें चमत्कारिक आहे. १८९२ सालीं शहापूर तालुक्यांतील तानसा तलावाचें पाणी मुंबईस जाऊं लागलें. पुढें वैतरणा आणि भातसा ह्या नद्यांनीं तोच मार्ग धरला. शेजारच्या घाटमाथ्यावर पाणी अडवून टाटांनीं १९१५ सालीं खोपोलीस व १९२२ सालीं भिवपुरीस वीज उत्पन्न केली, आणि ती उंच मनोऱ्यांवरील तारांवाटे मुंबईच्या गिरण्यांना मिळूं लागली. ज्या शेतांतून हे मनोरे गेले त्या शेताच्या धन्याच्या झोंपडींत मात्र रॉकेलची चिमणीच जळत होती. पाणी डोंगराचें, तहान शहराची. तारा गांवावरून, उजेड मुंबईस! हा हिशेब शेतकऱ्याला मांडतां येत नसेल, पण दिसत नव्हता असें कोण म्हणेल?

ह्या हिशेबाचा अर्थ जाणणारा माणूस माथेरानास जन्मला. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांचा जन्म १ डिसेंबर १९१२ रोजीं एका गरीब नाभिक कुटुंबांत झाला. साहेबलोकांच्या हवा खाण्यासाठीं वसविलेल्या त्या गिरिस्थानीं गरिबाच्या पोरानें पाहुण्यांची सेवा करावी आणि त्यांतच समाधान मानावें, असा तेथला रिवाज होता. तो मोडून हा मुलगा शिकला, वकील झाला आणि माथेरानच्या नगरपालिकेचा उपाध्यक्षही झाला. आपल्या मध्यमवर्गांत एवढ्या यशानंतर माणसानें काय करावें हें ठरलेलें आहे: शहरांत बिऱ्हाड थाटावें, पक्षकार जोडावे आणि गांवाचें नांव दिवाळीपुरतें काढावें. कोतवालांनीं नेमकें उलट केलें. डोंगराखालच्या वाड्यांतून त्यांनीं लोकांच्या मदतीनें शाळा चालविल्या, आणि शेतकऱ्यांसाठीं धान्यकोठ्या काढल्या.

ह्या धान्यकोठ्यांचें महत्त्व शहरांतील वाचकाच्या सहजीं ध्यानांत येणार नाहीं, म्हणून दोन शब्द अधिक लिहितों. भाताच्या मुलुखांत आषाढ-श्रावणांत घरांतील कणगी रिकामी होते आणि पेरणी-लावणीचें काम तर अंगावर असतें. अशा वेळीं सावकार धान्य देई तें दिढीनें. म्हणजे एक मण घेतलेल्यानें सुगीला दीड मण घालावयाचें. एकदां ह्या फेऱ्यांत सांपडलेलें कुटुंब पुढच्या पिढीलाही बाहेर पडत नसे. सुगीच्या दिवसांत गांवानेंच धान्य सांठवून अडीच्या वेळीं आपसांत वाटून घेणें ही गोष्ट दिसावयास लहान आहे. पण सावकाराची पायरी न चढतां पावसाळा काढतां येतो हा अनुभव ज्यानें एक वर्ष घेतला, तो माणूस पुढें कोणापुढेंही पूर्वींसारखा वांकत नाहीं.

८ ऑगस्ट १९४२ रोजीं मुंबईस गोवालिया तलावाच्या मैदानावर 'छोडो भारत'चा ठराव झाला, आणि दुसऱ्याच दिवशीं पुढाऱ्यांची धरपकड झाली. मार्गदर्शन करणारें कोणी उरलें नाहीं. अशा वेळीं कोतवाल भूमिगत झाले. शेतकरी आणि शाळामास्तर असे सुमारें पन्नास जण त्यांच्याभोंवतीं जमले. हाच तो आझाद दस्ता. ह्या लोकांनीं सप्टेंबर ते नोव्हेंबर ह्या तीन महिन्यांत विजेचे अकरा मनोरे पाडले, आणि मुंबईकडील कारखान्यांचें व रेल्वेचें काम त्या त्या वेळीं अडलें. ज्या तारांनीं गांवाला कधीं उजेड दिला नाहीं, त्याच तारांतून परकीय सरकारच्या युद्धसामर्थ्याची नाडी वाहते, हें ओळखण्यास वकिलाची बुद्धि लागली. आणि काळोखांत लोखंड कापण्यास कुणब्याचे हात लागले.

येथें एक आक्षेप घेण्यांत येतो, आणि तो टाळून पुढें जाणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. गांधींच्या नांवानें चाललेल्या चळवळींत मनोरे पाडणें बसतें काय? आमच्या मतें ह्याचें उत्तर एका शब्दांत देतां येणार नाहीं. खुद्द गांधींना असा गुप्त विध्वंस मान्य नव्हता. परंतु दस्त्याचा रोख यंत्रावर होता, माणसावर नव्हता, हेंही तितकेंच खरें. १८४८ सालीं ठाण्याच्या तुरुंगांत फांशी गेलेल्या राघोजी भांगऱ्याचें बंड ह्याच सह्याद्रींत झालें, आणि त्याचा रोष सावकार व सरकार ह्या दोघांवरही होता. राघोजी व कोतवाल ह्यांच्यामध्यें जवळजवळ शंभर वर्षें आहेत. तेवढ्या काळांत ज्या सावकारीविरुद्ध राघोजीनें शस्त्र उचललें, तिच्यावर कोतवालांनीं धान्यकोठीचा उपाय काढला. मनोरे पाडणारा हात आधीं शाळा उघडणारा होता, हें विसरून त्याचा न्याय करूं नये.

सरकारनें त्यांना पकडून देणारास बक्षीस लाविलें आणि दस्ता जंगलांत हटत गेला. २ जानेवारी १९४३ च्या पहांटे मुरबाड तालुक्यांत सिद्धगडाच्या रानांत हॉल नांवाच्या अधिकाऱ्याच्या पोलिसांनीं त्यांना गांठलें. त्या गोळीबारांत मानिवलीचे हिराजी गोमाजी पाटील आणि भाई कोतवाल हे दोघेही पडले. कोतवालांच्या तिसाव्या वाढदिवसास तेव्हां एकच महिना लोटला होता. दरवर्षीं त्या तिथीस सिद्धगडाच्या पायथ्याशीं असलेल्या स्मारकाजवळ पहांटेच्या थंडींत लोक जमतात. २०२० सालीं त्यांच्या जीवनावर मराठी चित्रपटही निघाला.

चित्रपट निघावे, पुतळे उभारावे, चौकांना नांवें द्यावीं. आमचा त्यास विरोध नाहीं. पण हिराजी पाटलांचें नांव कोतवालांच्या सावलींत झांकून जातें, तेव्हां आदराच्या आपल्या रीतींत कांहीं उणें आहे अशी शंका येते. पुतळा नेत्याचा होतो. बरोबरच्या पन्नासांचा होत नाहीं. डोंगरांतील कुणबी-ठाकरांना कोतवाल आपले वाटले ते ते मोठे होते म्हणून नव्हे; एक शिकलेला माणूस आपल्यांत परत आला आणि त्यानें आपल्याला बरोबरीनें वागविलें, म्हणून.

आमच्या वाचकांच्या घरांतून आज पदवीधरांची वाण नाहीं. ह्या डोंगरपट्टीचें पाणी अद्यापि मुंबईच्या नळाला येतें, आणि त्याच तालुक्यांतील कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यांत बाया हंडे घेऊन दूरवर जातात. मनोरे पाडण्याचे दिवस गेले, तें बरेंच झालें. धान्यकोठीचे आणि शाळेचे दिवस मात्र गेलेले नाहींत; तेथें माणसांची जागा अजून रिकामी आहे.