पांढऱ्या ढगाचा मासा

गेल्या वैशाखात माझ्या काचेच्या टाकीतले तीन मासे दगावले. बोटाच्या दोन पेरांएवढे जीव. पण धाकटीने दोन दिवस टाकीकडे पाहिले नाही. दोष माझा होता. या जातीला १८ ते २२ अंशांचे गार पाणी मानवते. ५ अंशांची थंडीही ती सोसते, पण आमचा उन्हाळा नाही. पाणी तापले की त्यातला प्राणवायू कमी होतो. हे मी उशिरा वाचले, आणि मग त्यांचे कूळच शोधत बसलो.

चीनमधील ग्वांगझौ, म्हणजे जुन्या नकाशांतले कँटन. त्याच्या उत्तरेस बाईयुन शान, अर्थात पांढऱ्या ढगांचा डोंगर आहे. तेथल्या ओढ्यात तान नावाच्या एका बालवीर-नायकाला हा मासा सापडला. लिन शू-येन या शास्त्रज्ञाने १९३२ साली त्याचे वर्णन छापले आणि नाव ठेवले ‘टॅनिक्थिस अल्बोन्युबस’. पहिल्या पदात तान, दुसऱ्यात पांढरा ढग. पोरांना रानात हिंडवणाऱ्या माणसाचे नाव असे शास्त्राच्या पोथीत गेले, याचा माझ्यासारख्या मास्तराला थोडा हेवाच वाटतो.

चार वर्षांनी, १९३६ मध्ये, दक्षिण अमेरिकेतला निऑन टेट्रा शास्त्राच्या दप्तरी दाखल झाला. तो महाग, आणि आमच्या डोंगरी माशाच्या अंगावरही चमकती रेघ, शिवाय तांबडी शेपटी. तेव्हा शौकिनांनी याला ‘गरिबाचा निऑन’ म्हटले. नावात हिणवणी आहे खरी; पण गरिबाघरीच तो टिकला.

इकडे डोंगरावर सहलींची वर्दळ वाढली, ओढे नासले. १९८० नंतर तेथे तो कोणाला दिसला नाही. स्वतःच्या डोंगरावरून उठलेला हा जीव परक्यांच्या दिवाणखान्यांत मात्र नांदत होता! एकविसाव्या शतकाच्या आरंभी ग्वांगडाँग प्रांतात व हैनान बेटावर रानातले मासे पुन्हा सापडले. तरी टाकीतले म्हणजे तेच, असे समजू नये. हे पिढ्यान्‌पिढ्या आपसांतच वाढलेले. त्यांतले सोनेरी, लांब परांचे प्रकार तर माणसाने निवडून काढलेले. माझे सात नेऊन त्या ओढ्यात सोडले, तरी डोंगराचे देणे फिटणार नाही.

आता उन्हाळ्यात दुपारी शाळेतून आलो की टाकीच्या काचांना माठासारखे ओले फडके गुंडाळतो. धाकटी त्यावर पाणी शिंपडते.