रखमाबाई प्रतिवादी, आमची पोर अर्जदार

गेल्या दिवाळीच्या तोंडावरची गोष्ट. आमच्या किन्हीराजाच्या घरात चकलीची भाजणी भाजली जात होती आणि मी ओसरीवर चष्मा पुसत बसलो होतो. एवढ्यात गल्लीतली एक पोर आली. दहावीपर्यंत माझ्याच हाताखाली इतिहास शिकलेली. सोळाव्या वर्षी तिचे लग्न उरकून टाकले होते. चार-सहा महिने नांदून ती परत आली, ती आलीच. उंबऱ्याशी उभी राहून तिने सरळ विचारले,

"गुरुजी, माहं लगन झालंच नाई, असं कोर्ट म्हणू शकते काय?"

मागोमाग तिचा बाप आला. त्याचे म्हणणे निराळे. "आमच्यात काडीमोड असते, गुरुजी. चार पंच बसवतो, काडी मोडतो, झालं. कोर्टाचं काय काम?"

मी काही वकील नव्हे. जन्म इतिहास शिकवण्यात गेला. तेव्हा पोरीच्या प्रश्नाने मला प्रथम कायद्याचे कलम आठवले नाही, आठवल्या त्या रखमाबाई. वाचकहो, ती हकीकत आधी ऐका. मग आमच्या गावाकडे परत येऊ.

रखमाबाईंचा जन्म १८६४ साली मुंबईचा. वडील लवकर गेले. आईने पुढे डॉक्टर सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी लागले. पण त्या सासरी गेल्या नाहीत. सावत्र वडिलांच्या घरी राहून त्यांनी वाचन केले, इंग्रजी शिकल्या, आणि कळते झाल्यावर या नवऱ्याशी संसार करायचा नाही असे ठरवले. १८८४ साली दादाजींनी मुंबई हायकोर्टात दावा लावला : बायको माझी आहे, तिला माझ्या घरी पाठवा.

पहिला निकाल १८८५ च्या सप्टेंबरात न्यायमूर्ती पिन्हे यांनी दिला, तो रखमाबाईंच्या बाजूने. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा, की इंग्लंडात असे दावे चालतात ते जाणत्या वयात आपखुशीने लग्न केलेल्या माणसांमध्ये. अजाण वयात जिचे लग्न दुसऱ्यांनी लावले, तिला एखाद्या वस्तूसारखे उचलून नवऱ्याच्या घरी पोचवणे हे न्यायासनाचे काम नव्हे. या निकालाने महाराष्ट्रभर वादळ उठले. टिळकांनी आपल्या पत्रांतून त्यावर कडक टीका केली. रखमाबाईंनीही 'एक हिंदू स्त्री' या नावाने टाइम्स ऑफ इंडियात पत्रे लिहून बालविवाहाने पोरींची काय दशा होते ते मांडले.

अपिलात प्रकरण परत खाली आले, आणि १८८७ च्या मार्चमध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी उलट हुकूम दिला : नवऱ्याच्या घरी जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईंनी सांगितले, तुरुंग पत्करला. मौज अशी की, बायकोला घरी आणवण्याचा हा दावा मूळ इंग्लंडातल्या धर्मकोर्टांचा. तिथे १८८४ सालीच अशा हुकुमासाठी तुरुंगात घालणे बंद झाले होते. साहेबाने स्वतःच्या घरी टाकून दिलेले जोखड आमच्या पोरीच्या मानेवर मात्र राहिले, आणि आमच्याच मंडळींनी ते धर्म म्हणून उचलून धरले.

अखेर १८८८ साली तडजोड झाली. दादाजींना दोन हजार रुपये मिळाले आणि रखमाबाई तुरुंगातून वाचल्या. त्या लंडनला गेल्या, १८९४ साली डॉक्टर झाल्या, आणि परत येऊन सुरत व राजकोट येथे त्यांनी कित्येक वर्षे बायकांच्या दवाखान्यांचे काम पाहिले.

ही कथा आपण रखमाबाईंच्या धैर्यासाठी सांगतो, आणि ते योग्यच आहे. पण तिच्यातली एक बारीक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. या सगळ्या खटल्यात रखमाबाई प्रतिवादी होत्या. कोर्टात गेले ते दादाजी. 'हे लग्न माझ्या संमतीवाचून झाले, ते रद्द करा' असे म्हणत आपण होऊन जावे, असे दारच त्यांच्यासाठी नव्हते. कोणी ओढले तर 'येत नाही' म्हणायचे, एवढेच त्यांच्या हाती होते. दोन हजार रुपये देऊन सुटका झाली. लग्न काही पुसले गेले नाही.

मग त्या काळी लग्न रद्द होतच नसे काय? होई, पण कशावरून, ते पाहण्यासारखे आहे. देवलांचे 'संगीत शारदा' १८९९ साली रंगभूमीवर आले. म्हाताऱ्या भुजंगनाथाशी कोवळ्या शारदेचे लग्न लागणार असते, ते मोडते. कशावरून? म्हाताऱ्याच्या वयावरून नव्हे, पोरीच्या अश्रूंवरूनही नव्हे. दोघांचे गोत्र एक निघते म्हणून! रूढीला गोत्र दिसत होते. पोरीची मर्जी दिसत नव्हती.

या दोहोंची अदलाबदल व्हायला पुढे अर्धे शतक लागले. १९२९ चा शारदा कायदा आला. त्यात मुलीचे वय चौदा आणि मुलाचे अठरा ठरले. कायदा मोडून लग्न लावणाऱ्यांना शिक्षा होती, परंतु लागलेले लग्न कायमच राही. म्हणजे चोराला दंड झाला, पण चोरलेला माल चोराच्याच घरी राहिला, तशातली गत. १९४६ साली सगोत्र विवाहावरची बंदी कायद्याने उठली. १९४७ साली मुंबई प्रांताने हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला. पण आमचा वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला, त्यामुळे किन्हीराजाच्या पोरीला त्याचा उपयोग नव्हता.

पुढे १८ मे १९५५ रोजी हिंदू विवाह कायदा अमलात आला, आणि बळजबरीने किंवा फसवून मिळवलेली संमती ही लग्न रद्द होण्याला पुरेसे कारण ठरली. गोत्र गेले, मर्जी आली. त्याच वर्षी २५ सप्टेंबरला रखमाबाई वारल्या, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी. सत्तर वर्षांपूर्वी न्यायमूर्ती पिन्हे जे म्हणाले होते, त्याचा एक अंश कायद्यात उतरल्यावर चार महिन्यांनी.

आता आमच्या गल्लीतल्या पोरीकडे वळतो. मी बापाला म्हटले, काडीमोडीची चाल जिथे खरोखर आहे तिथे कायदाही ती मानतो. पण काडीमोड असो की घटस्फोट, त्याचा अर्थ लग्न होते आणि ते आता संपले. तुझी पोर विचारते आहे ते निराळे आहे.

कायद्यात दोन प्रकार आहेत. पहिली बायको किंवा नवरा हयात असून घटस्फोट झालेला नसताना केलेले दुसरे लग्न, किंवा रूढीची मुभा नसताना निषिद्ध नात्यात केलेले लग्न, हे मुळातच शून्य. आमच्याकडे मामाच्या मुलीशी लग्न होते ते या रूढीच्या मुभेवरच टिकते. दुसरा प्रकार कोर्टाने रद्द करण्याजोग्या लग्नांचा : बळजबरी, महत्त्वाच्या गोष्टीत फसवणूक, नपुंसकत्व वगैरे. फसवणूक कळल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो, आणि कळल्यावर राजीखुशीने संसार केला असेल तर हे दार बंद होते. दोन्ही प्रकारांत झालेली मुले मात्र औरसच मानली जातात.

या पोरीला लागू होता तो २००६ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा. शारदा कायद्यात राहिलेली उणीव त्याने भरून काढली : लहान वयात ज्याचे लग्न झाले, त्याच्या अर्जावरून ते रद्द होते. नांदायला गेली होती की नव्हती, हा प्रश्न येथे आड येत नाही. अर्ज सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांच्या आत, म्हणजे विसावे वर्ष पुरे होण्याआधी करायचा. जिथे कौटुंबिक न्यायालय आहे तिथे त्यात, नसेल तिथे जिल्हा न्यायालयात. आणि अर्जदार राहते तिथल्या न्यायालयातही तो चालतो. दागिने, पैसा, भेटी ज्याच्या त्याला परत देण्याचा हुकूम होतो, आणि मुलीचे पुन्हा लग्न होईपर्यंत तिला पोटगीही मिळू शकते. शाळा सोडल्याचा दाखला, जन्माचा दाखला, लग्नपत्रिका आणि लग्नाचे फोटो एवढा पुरावा आधी गोळा करावा. वकिलाची फी नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. बाईमाणसाला तिथे उत्पन्न न पाहता फुकट वकील मिळतो.

पोरीने बोटांवर हिशेब केला. विसावे वर्ष पुरे व्हायला चार महिने उरले होते.

बाप बराच वेळ गप्प होता. मग हळूच म्हणाला, "गुरुजी, लगन तं मीच लावलं. मलेच आत टाकतीन ना?"

काय सांगणार? खोटे बोलवेना. बालविवाह लावणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाखापर्यंत दंड या कायद्यात आहे, हे मी सांगितले. वकिलाला काही न लपवता सगळे सांग, एवढेच वर म्हटले. तो उठून गेला. पोरगी तिथेच बसून राहिली. आतून माझ्या बायकोने चकलीची बशी आणून तिच्यापुढे ठेवली. तिने हात लावला नाही.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, भाऊबीजेला, बाप पुन्हा आला. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत शाळेचा दाखला आणि लग्नाची पत्रिका. "माहं काय व्हायचं ते होवो," तो म्हणाला. "पोरीचे दिवस चालले."

सुट्ट्या संपून कचेऱ्या उघडल्या, तसे आम्ही तिघे मालेगाववरून एस. टी. बदलून वाशिमला गेलो. अर्ज मुदतीत दाखल झाला. निकाल अजून लागायचा आहे, तारखा पडताहेत. बापाच्या मानेवरची टांगती तलवार अजून तशीच आहे, आणि तरी दर तारखेला तो पोरीबरोबर जातो.

अर्जाची एक प्रत पोरीने मला दाखवायला आणली होती. तिने सहीवर बोट ठेवले. माझी नजर सहीच्या वरच्या शब्दावर खिळली. तिथे टंकलेखकाने साध्या अक्षरांत लिहिले होते : अर्जदार. रखमाबाईंना हा शब्द मिळाला नव्हता.