घळीने राखले, काचमहालात जळाले

बजाजनगरातून सुट्टीच्या दिवशी अजिंठ्याकडे निघणाऱ्या मोटारसायकलींवर बरीचशी जोडपीच असतात. पाठीला सॅक, सोबत पाण्याच्या बाटल्या, फुलंब्री-सिल्लोड करत गोळेगावला चहा आणि मग घाट. वाळूजला १९८५ साली बजाजचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या आसऱ्याने ही वस्ती वाढली. घाटमाथ्यावरच्या अजिंठा गावात या जोडप्यांच्या कानावर हटकून पडणारी दुसऱ्या एका जोडप्याची कथा मात्र पावणेदोनशे वर्षांची आहे. मद्रास फौजेतला रॉबर्ट गिल लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करायला आला, पारो नावाच्या इथल्या मुलीवर त्याचे प्रेम बसले, लोकांचा रोष झाला, ती अकाली गेली आणि तो खचला. ना. धों. महानोरांनी या दोघांवर खंडकाव्य लिहिले, नितीन चंद्रकांत देसाईंनी २०१२ मध्ये चित्रपट काढला. कथेत सगळी संकटे लेण्यांच्या घळीतच ओढवतात: ऊन, श्वापदे, रोगराई, गावकरी. पुरावा मात्र उलट दिशेने बोट दाखवतो. घळीने जमेल तेवढे राखले. जिव्हारी लागणारे घाव बाहेर बसले किंवा बाहेरून आले, आणि तेही बहुतेक जपणुकीच्या नावाखाली.

आधी घळीचेच पाहू. वाघूर नदीने बसाल्टचा कडा घोड्याच्या नालासारखा कापत नेला आहे आणि त्या उभ्या कातळात तीस लेणी ओळीने खोदलेली आहेत. पावसाळ्यात सातकुंडाचा धबधबा कोसळतो. मे महिन्यात तीच जागा तव्यासारखी तापते. अशा ठिकाणी माणूस हरवणार, तहानेने व्याकूळ होणार, हे कथेला सोयीचे पडते. पण हा मुलूख आडरान नव्हता. खानदेशातून दख्खनेत चढणारी वाट याच घाटाने जाई. १८०३ च्या असईच्या लढाईनंतर इंग्रजांनी आपले जखमी अजिंठा गावातच आणून ठेवले होते. रहदारी माथ्यावरून चालली आणि लेणी खाली अंधारात राहिली, हीच चित्रांची खरी तटबंदी. दहाव्या लेण्यात जॉन स्मिथ या अंमलदाराने २८ एप्रिल १८१९ ही तारीख आणि स्वतःचे नाव खांबावर कोरून ठेवले आहे. ते वाचायला आज मान वर करावी लागते, कारण तो माती-दगडांच्या ढिगावर उभा होता. फुटांच्या हिशेबात साचलेला तो राडा म्हणजे हेळसांड खरी, पण त्या हेळसांडीच्या काळात तरी कुणी चित्रांवर हात चालवत नव्हते. स्मिथ येऊन गेल्यावर मात्र पाहुण्यांची रीघ लागली आणि दहा वर्षांच्या आतबाहेर डॉ. जेम्स बर्ड यांनी भिंतीवरच्या आकृती सोलून नेण्याचा उद्योग केला.

गिल आला १८४४ च्या सुमारास. रॉयल एशियाटिक सोसायटीने कंपनी सरकारकडे शब्द टाकला होता, जेम्स फर्ग्युसनने लेण्यांचे महत्त्व पटवून दिले होते, आणि काम सोपवले गेले ते एका फौजी चित्रकारावर. पुढची जवळपास दोन दशके तो मोठमोठ्या कॅनव्हासवर तैलरंगात नकला करत राहिला आणि त्या विलायतेला रवाना होत राहिल्या. तिथे त्या सिडनॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या गेल्या. लोखंड आणि काचेचा तो महाल; जळण्यासारखे त्यात काय असणार, असे कुणालाही वाटावे. पण आत जमीन लाकडी फळ्यांची होती, सजावट आणि सामान तर खच्चून भरलेले. ३० डिसेंबर १८६६ रोजी उत्तरेकडच्या भागाला आग लागली आणि गिलच्या बहुतेक सगळ्या नकला राख झाल्या. प्रदर्शनात नसलेल्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच वाचल्या. त्या आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. एकदा झाले ते दैव म्हणता येईल. पण १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्सने मुंबईच्या जे. जे. स्कूलचे विद्यार्थी घेऊन हेच काम पुन्हा मांडले, पेस्तनजी बोमनजींसारखे चित्रकार त्यात राबले, त्या नकलाही लंडनलाच गेल्या आणि १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनच्या आगीत त्यांतल्या बऱ्याच जळाल्या. एकाच चित्रांच्या दोन पिढ्यांतल्या नकला एकाच शहरात जळतात, तेव्हा दैवापेक्षा धोरणाकडे पाहावे लागते: मूळ इथे, मेहनत इथली, आणि ठेवायची जागा मात्र तिथे, एकाच छपराखाली.

यावर रास्त आक्षेप असा की घळ काही आदर्श तिजोरी नव्हती. हे खरेच आहे. पाणी झिरपते, वटवाघळे आणि किडे आहेत, गिलावा माती, भाताचे तूस, वनस्पतींचे तंतू यांचा. वेरूळच्या गिलाव्यात अभ्यासकांना भांगेचे तंतू सापडले आणि तिथे कीड फिरकलेली दिसत नाही. अजिंठ्यात भांग नाही आणि किडीने गिलाव्यातला सेंद्रिय माल फस्त केला आहे. म्हणजे गिल आला नसता तरी चित्रे झिजलीच असती, आणि नकला करणे शहाणपणाचेच होते. पण झीज संथ असते. वाकाटककाळातली चित्रे तिने साडेतेराशे वर्षांनंतरही माणसाला ओळखू येतील अशी सोडली होती. आगीने मात्र दोन दशकांचे काम एका दिवसात संपवले.

दुसरा आक्षेप पारोच्या बाजूने येतो. एवढी कोरडी कागदपत्रे कोण वाचणार, लोक येतात ते प्रेमकथेमुळे. येवोत की! पण कथेने पारोला जे दिले त्यापेक्षा हिरावून अधिक घेतले. तिच्याबद्दलचा ठाम पुरावा म्हणजे अजिंठा गावातले थडगे आणि त्यावरची २३ मे १८५६ ही तारीख. ती कोणत्या समाजाची, कशाने गेली, यावर प्रत्येक सांगणाऱ्याचे वेगळेच. गिल लग्न झालेला गृहस्थ होता, हे तर कथेत बहुधा गाळलेच जाते. कंपनीच्या दप्तरात गोऱ्या अंमलदारांबरोबर राहणाऱ्या देशी बायका पुष्कळदा नावाशिवायच येतात. इथे दगडावर नाव आहे, हा त्या माणसाच्या बाजूचा एक गंभीर मुद्दा, आणि प्रेमाच्या बाजूचा याहून भक्कम पुरावा मागायची गरजही नाही. मात्र तिच्या मृत्यूने तो संपला, हे टिकत नाही. त्याच वर्षाच्या सुमारास त्याने कॅमेरा हातात घेतला, १८६४ मध्ये फर्ग्युसनच्या मजकुरासह त्याच्या छायाचित्रांची पुस्तके लंडनला निघाली. आगीनंतरही त्याने हा मुलूख सोडला नाही. तो १८७९ मध्ये वारला. त्याची कबर भुसावळला आहे.

नकलांच्या आगी तरी मूळ भिंतींना लागल्या नाहीत. रोगणाचे तसे नाही. रंग उठून दिसावेत म्हणून ग्रिफिथ्सच्या काळात चित्रांवर व्हार्निश चढले. पुढे निजामाच्या पुरातत्त्व खात्याने, गुलाम याझदानी संचालक असताना, १९२० नंतर इटलीहून लोरेन्झो चेक्कोनी आणि त्याचा सहकारी यांना बोलावले. त्यांनी सुटत चाललेला गिलावा भिंतीला पक्का बसवला, हे मोठेच काम झाले, पण वर शेलॅकचा थर दिला. तो थर वर्षांमागून वर्षे पिवळा पडत गेला, त्यावर धूळ आणि काजळी बसली, आणि निळ्या-हिरव्या छटा तपकिरी दिसू लागल्या. पाचव्या शतकातल्या रंगांवरून विसाव्या शतकातले हे रोगण उतरवण्यात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनज्ञांची अनेक वर्षे गेली आहेत.