'परमनंट' या एका शब्दाची गोष्ट

आपल्याकडे कुणी 'परमनंट झाला' म्हटलं की घरात पेढे येतात. आजची गोष्ट याच शब्दाची आहे, पण ती ऑस्ट्रेलियातली. तिथे हा शब्द कायद्याच्या कलमात जाऊन बसला. मनाच्या आजाराने ज्याचं रोजचं जगणं अडलंय, त्याला मदत हवी असेल तर त्याने आधी दाखवायचं की माझी अडचण परमनंट आहे, किंवा तशी राहण्याची शक्यता आहे. आता सांगा, पंचविशीतल्या मुलाने हे कुठल्या तोंडाने लिहून द्यायचं? आणि त्याच्या डॉक्टरने?

योजनेचं नाव नॅशनल डिसॅबिलिटी इन्शुरन्स स्कीम, थोडक्यात एनडीआयएस. नावात विमा आहे, पण हप्ता कुणी भरत नाही. पैसा सरकारी तिजोरीतून येतो. विमा अशा अर्थाने की अपंगत्व कुणाच्याही वाट्याला येऊ शकतं, म्हणून त्याचा भार सगळ्यांनी मिळून उचलायचा. पैसे संस्थेला न देता माणसाच्या नावाने मंजूर होतात आणि मदत कुणाकडून घ्यायची ते तो ठरवतो.

ही कल्पना जुनीच. 1974 मध्ये गॉफ व्हिटलम यांच्या सरकारने न्यूझीलंडचे न्यायाधीश ओवेन वुडहाउस यांच्या अहवालावरून अपघात आणि आजारपण दोन्हींसाठी राष्ट्रीय भरपाईचं विधेयक आणलं होतं. नोव्हेंबर 1975 मध्ये ते सरकार बरखास्त झालं आणि विधेयकही बारगळलं. पुढची पस्तीसेक वर्षं अपंग माणसांचं काय होणार, हे तुम्ही कुठल्या राज्यात राहता आणि अपंगत्व कशामुळे आलं यावर ठरत राहिलं. कामावर अपघात झाला तर एक कायदा, रस्त्यावर झाला तर दुसरा, आणि जन्मतःच असेल तर नशीब.

मनाच्या आजारांची वाट मात्र वेगळीच होती. तिथेही आपल्यासारखीच मोठमोठी मनोरुग्णालयं होती, उंच भिंतींची. 1983 च्या रिचमंड अहवालाने न्यू साउथ वेल्सला सांगितलं, माणसांना भिंतीबाहेर, वस्तीत राहू द्या. वॉर्ड बंद होत गेले. पण 1993 मध्ये मानवी हक्क आयुक्त ब्रायन बर्डेकिन यांच्या चौकशीतून दिसलं की वॉर्ड बंद करून वाचलेला पैसा माणसांच्या मागोमाग वस्तीत आलाच नाही. लोक बाहेर आले ते भाड्याच्या खोल्यांत, नाहीतर रस्त्यावर.

याच काळात रुग्णांच्या चळवळीने एक शब्द लावून धरला, 'रिकव्हरी'. आजार पूर्ण बरा होणं एवढाच त्याचा अर्थ नाही. आजार सोबत असला तरी स्वतःचं घर, मित्र, काम, आवड परत मिळवणं, ही रिकव्हरी. म्हणजे एक चळवळ म्हणत होती, आमची गरज जन्मभराची आहे, तशी खात्री द्या. दुसरी म्हणत होती, आमच्यावर कायमचा शिक्का मारू नका. दोघींचं बरोबर होतं, आणि दोघी एकाच योजनेच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

2011 मध्ये प्रॉडक्टिव्हिटी कमिशनने योजनेचा आराखडा मांडला. फेब्रुवारीच्या मसुद्यात मानसिक आरोग्याशी सीमारेषा कुठे आखायची हा प्रश्न खुलाच होता. अंतिम अहवालात मार्ग निघाला. औषधं, डॉक्टर, हॉस्पिटल आरोग्य खात्याकडेच राहतील. पण दीर्घकाळच्या गंभीर मानसिक आजाराने ज्यांचं स्वयंपाकपाणी, बाहेर पडणं, माणसांत मिसळणं अडतं, त्यांना रोजचा आधार योजनेतून मिळेल. याला तिथे 'सायकोसोशल' अपंगत्व म्हणतात. मार्च 2013 मध्ये कायदा झाला. मे महिन्यात पैशाची तरतूद संसदेत मांडताना पंतप्रधान जुलिया गिलार्ड यांचा कंठ दाटून आला होता. जुलैपासून काही भागांत योजना सुरूही झाली.

आणि मग तो शब्द आडवा आला. नियम असा की एखादा योग्य, उपलब्ध उपचार अजून करून बघायचा बाकी असेल तर अडचण परमनंट धरायची नाही. पाय तुटलेल्या माणसाबाबत हे सरळ आहे. पण स्किझोफ्रेनियात किंवा बायपोलरमध्ये? मार्चमध्ये माणूस बरा, जूनमध्ये अंथरुणातून उठत नाही. कायद्यात चढउताराची दखल होती, पण अर्ज तपासणाऱ्याच्या टेबलापर्यंत ती पोचायलाच हवी असं नाही. अर्ज मंजूर व्हावा म्हणून आयुष्यातल्या सगळ्यात वाईट दिवसांचं वर्णन करायचं, आणि थेरपीत जाऊन उद्याबद्दल आशा धरायची. शिवाय कागद गोळा करायचे. ज्याला फोन उचलायचीच धास्ती वाटते त्याने!

खरा फटका वेगळ्याच बाजूने बसला. आधी 'पर्सनल हेल्पर्स अँड मेंटर्स' आणि 'पार्टनर्स इन रिकव्हरी' असे केंद्र सरकारचे कार्यक्रम होते. कार्यकर्ता घरी यायचा, सोबत बाजारात जायचा, अर्ज भरून द्यायचा. पहिल्या कार्यक्रमात तर आजाराच्या निदानाचा कागदही सक्तीचा नव्हता. या कार्यक्रमांचा पैसा एनडीआयएसकडे वळवला गेला आणि 2019 च्या जूनअखेर ते बंद झाले. जे योजनेत बसले त्यांना पूर्वीपेक्षा जास्त मिळालं, हेही खरं. जे बसले नाहीत त्यांच्यासाठी घाईने छोटे पर्यायी निधी उभे करावे लागले. माझ्या मते 1993 चीच चूक इथे पुन्हा झाली. नवीन घर तयार व्हायच्या आत जुनं पाडलं.

दुरुस्त्या झाल्या, नाही असं नाही. 2017 मध्ये संसदेच्या समितीने याच विषयावर स्वतंत्र अहवाल दिला. 2020 मध्ये 'रिकव्हरी कोच' आले. त्यांतले काही स्वतः मानसिक आजारातून गेलेले असतात. 2022 मध्ये कायदाच बदलला. कमी-जास्त होणारी, अधूनमधून उफाळणारी अडचणही परमनंट मानता येईल, असं कलमात स्पष्ट लिहिलं. शब्द काढला नाही, त्याचा अर्थ सैल केला.

आपल्यापैकी कुणाचा भाऊ किंवा मैत्रीण मेलबर्नला शिकत असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. स्टुडंट व्हिसावर या योजनेतली मदत मिळत नाही. त्यासाठी नागरिक किंवा कायमचे रहिवासी असावं लागतं. म्हणजे तिथेही परमनंटच, फक्त वेगळ्या अर्थाने.

2023 च्या डिसेंबरमधल्या स्वतंत्र आढाव्याने सुचवलं की सायकोसोशल मदतीचा गाभा रिकव्हरी हवा, आणि योजनेबाहेरच्यांसाठीही केंद्र-राज्यांनी मिळून सोय करावी. आज योजनेत मानसिक आजार हे मुख्य कारण असलेले 60 हजारांहून जास्त लोक आहेत. बाहेर किती? 2024 मध्ये जाहीर झालेल्या सरकारी अभ्यासात उत्तर आलं, जवळजवळ 5 लाख. बाहेरच्या या लोकांचा खर्च केंद्राने किती उचलायचा आणि राज्यांनी किती, यावर घासाघीस सुरू झाली.

न्यायाधीश वुडहाउस यांचा उल्लेख आला होता ना, त्यांच्या न्यूझीलंडमधल्या अपघात विम्याची गोष्ट पुढच्या भागात.