पीक वाढले, माप कोणाचे वाढले?

शेतीचे उत्पन्न वाढले की खेड्यातील दारिद्र्य आपोआप हटते, असे आपल्यापैकी पुष्कळजण मोठ्या विश्वासाने सांगतात. धान्य वाढलेच पाहिजे, याविषयी आमचे दुमत नाही. शेतमजूरही धान्य विकत घेतो. ते स्वस्त झाले तर त्याच्या चुलीला लाभ होतोच. परंतु ‘आपोआप’ हा शब्द आम्हास मान्य नाही. तो का, हे तंजावरचा इतिहास सांगतो.

कावेरीच्या पाण्यावर पोसलेला तंजावर जिल्हा म्हणजे त्या वेळच्या मद्रास राज्याचे भाताचे कोठार. 1960 साली सुरू झालेल्या सघन शेती योजनेसाठी निवडलेल्या पहिल्या जिल्ह्यांत तो होता. खते आली, कर्ज आले. त्या दशकाच्या मध्यास ‘एडीटी 27’ हे लवकर पिकणारे भात आले आणि पुष्कळ शेतांत वर्षाला दोन पिके निघू लागली. जमीन मात्र थोड्यांच्या हाती होती; राबणारे बहुतेक दलित भूमिहीन होते.

तिकडे आश्विन-कार्तिकात मोठा पाऊस पडतो, आणि हे भात नेमके त्याच सुमारास कापणीस येई. कापणी लांबली की नुकसान ठरलेले. अशा वेळी मजुराच्या विळ्याला मोल आले. लाल बावट्याखाली संघटित झालेल्या मजुरांनी कापणीच्या मजुरीत अधिक भात मागितले. जमीनदारांनी आपला संघ उभारला व बाहेरगावचे मजूर आणले. संप मोडण्यासाठी गिरणीच्या फाटकातून बदली माणसे आत घेतात, तोच हा डाव!

25 डिसेंबर 1968 च्या रात्री किळवेणमणी गावी जमीनदारांच्या माणसांनी मजूरवस्तीवर हल्ला केला. एका झोपडीत आश्रय घेतलेली 44 माणसे, बहुतेक बायका व मुले, जळून मेली. पुढे उच्च न्यायालयात जमीनदार आरोपी निर्दोष सुटले.

1969 साली सरकारने शेतमजुरांच्या रास्त मजुरीचा कायदा केला. तो सुधारलेल्या बियाण्यातून उगवला नाही. मजुरांच्या लढ्यातून आणि त्या राखेतून आला.

सारांश, अधिक पीक काढणे ही अर्धी वाट. उरलेली अर्धी वाट संघटना, कायदा आणि त्याची चोख अंमलबजावणी यांनीच चालावी लागते. म्हणून एकरी उत्पन्नाचे आकडे ऐकताना प्रत्येक श्रोत्याने एक प्रश्न अवश्य विचारावा: कापणाऱ्याच्या पदरात किती मापे पडली?